कोऱ्या कागदावरचा शिक्का

परंड्याचा भुईकोट बहमनी वजीर महमूद गावान याने बांधविला, असे गॅझेटियर सांगते आणि परंपराही तसेच मानते. किल्ल्याला दुहेरी तट आहे, भोवती खंदक आहे आणि बुरुजांवर अजून तोफा पडून आहेत. १६३२ मध्ये विजापुरास नेलेली प्रसिद्ध मुलूखमैदान तोफही त्यापूर्वी याच किल्ल्यावर होती. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती पडले, तेव्हा मलिक अंबराने निजामशाहीची गादी परंड्यास मांडली. दुर्गप्रेमींनी या सर्व गोष्टींवर पुष्कळ लिहिले आहे, त्यामुळे येथे त्यांची उजळणी करण्याचे कारण नाही. आम्हांला रस आहे तो वेगळ्याच गोष्टीत. ज्याच्या नावावर हा कोट सांगितला जातो त्या माणसाला तट आणि खंदक कामास आले नाहीत. त्याचा घात एका कागदाने केला, आणि त्या कागदावर उमटलेला शिक्का खरा होता.

आज कुणाचा आधार क्रमांक, कुणाच्या पॅन कार्डाचे छायाचित्र, तर कुणाच्या बोटाचा ठसा परक्या हाती पडतो. त्यावर कर्जे उचलली जातात, सिमकार्डे घेतली जातात, खाती रिकामी होतात. हे संकट संगणकाबरोबर जन्मले, असा आपला समज आहे. माहिती साठविण्याची आणि पळविण्याची साधने नवी आहेत, हे खरेच. परंतु ज्या खुणेवरून जग आपल्याला ओळखते तीच खूण दुसऱ्याच्या हाती गेली तर माणसाने काय करावे, हा प्रश्न दख्खनच्या इतिहासात बराच जुना आहे. त्याची उत्तरेही वेळोवेळी शोधली गेली. त्यांपैकी काही आज आपण विसरलो आहोत.

महमूद गावान मूळचा इराणातील गिलान प्रांताचा. पंधराव्या शतकाच्या मध्यास तो व्यापारी म्हणून बिदरला आला आणि पुढे बहमनी राज्याचा वजीर झाला. १४७२ मध्ये त्याने बिदरला मदरसा बांधला. राज्याचे चार तरफ मोडून त्याने आठ केले. प्रत्येक तरफदाराकडे एकच किल्ला ठेवून बाकीच्या किल्ल्यांवर थेट सुलतानाचे किल्लेदार नेमण्याची पद्धतही त्यानेच घातली. सरदारांना हे रुचणे शक्यच नव्हते. दख्खनी आणि आफाकी या दोन गटांतील वैर तर आधीपासूनच धुमसत होते.

विरोधकांपुढे अडचण एवढीच होती की गावानाविरुद्ध पुरावा नव्हता, म्हणून तो निर्माण करावा लागला. मलिक हसन निजाम-उल्-मुल्क याच्या गटातील माणसांनी गावानाचा शिक्का सांभाळणाऱ्या गुलामाशी सलगी केली. त्याला भेटी दिल्या, मद्य पाजले आणि एका दुमडलेल्या कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला. त्या कोऱ्या जागेत नंतर मजकूर भरला गेला. वजीर ओरिसाच्या राजाला बहमनी मुलखावर चालून येण्याचे आवतण देत आहे, असा त्याचा आशय होता. कागद सुलतान तिसरा मुहम्मदशहा याच्यापुढे योग्य वेळी ठेवण्यात आला. फेरिश्ता सांगतो की बोलावणे आले तेव्हा हितचिंतकांनी गावानाला निघून जाण्याचा सल्ला दिला होता, आणि तो त्याने मानला नाही. दरबारात कागद पुढे येताच शिक्का आपला आहे हे त्याने कबूल केले आणि पत्र आपले नाही असे सांगितले. एप्रिल १४८१ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. त्या वेळी त्याचे वय सत्तरीच्या पुढे होते.

वाङ्मयाच्या अभ्यासकांनी येथे जरा थांबावे. महमूद गावान हा त्या काळातील फारसी पत्रलेखनकलेचा मोठा जाणकार होता. ‘रियाज-उल्-इन्शा’ हा त्याच्या पत्रांचा संग्रह आहे, आणि ‘मनाजिर-उल्-इन्शा’ हा पत्र कसे लिहावे यावरचा त्याचा शास्त्रग्रंथ. पत्राची घडण, मायने, शैली, कोणास कसे संबोधावे, याचा त्याच्याइतका विचार केलेला माणूस दक्षिणेत दुसरा क्वचितच असेल. त्याच्या शैलीशी ते बनावट पत्र ताडून पाहण्याची बुद्धी मात्र दरबारात कोणालाच झाली नाही. शिक्का खरा आहे, एवढ्यावर प्रकरण मिटले. मजकूर कोणाचा हे पाहण्यापेक्षा खूण कोणाची हे पाहणे सोपे असते, आणि राज्यकारभार नेहमी सोपी गोष्ट पत्करतो. आजही बँकेचे यंत्र ठसा जुळतो की नाही एवढेच पाहते. तो कोणी आणि कशासाठी उमटविला, ही चौकशी त्याच्या कक्षेत येत नाही.

दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. गावानाने किल्ल्यांची व्यवस्था बदलली, हिशेब तपासले, मोजण्या करविल्या, आणि स्वतःचा शिक्का मात्र एका नोकराच्या हवाली ठेवला. आपण निर्दोष आहोत म्हणून आपल्याला भय नाही, या समजुतीने तो दरबारात गेला. ‘माझ्याकडे लपविण्यासारखे आहेच काय?’ असे म्हणणारे सुशिक्षित आज आपल्याला जागोजागी भेटतात. गावानापाशीही लपविण्यासारखे काही नव्हते. त्याच्या मृत्यूनंतर त्याची मालमत्ता तपासली गेली, तेव्हा जपून ठेवलेले धन फारसे निघाले नाही, असे फेरिश्ताच नोंदवितो. वर्षभरातच सुलतानही वारला आणि राज्याची शकले पडू लागली. ज्या मलिक हसनाच्या गटाने हा डाव रचला, त्याच्याच मुलाने अहमदनगरची निजामशाही स्थापली. शंभरांहून अधिक वर्षांनी त्या निजामशाहीला आश्रय शोधावा लागला तो गावानाच्याच परंड्यात. इतिहास असे योगायोग जुळवितो. त्यांत न्याय शोधू नये हे बरे.

या किल्ल्याची पुढील कथाही याच सूत्राला धरून आहे. १६३४ मध्ये शाहजहानचा पुत्र शुजा आणि महाबतखान यांनी परंड्यास वेढा घातला आणि ते हात हलवीत परतले. १६६० मध्ये मात्र किल्ला लढाईवाचून मोगलांकडे गेला, कारण विजापूरच्या किल्लेदारालाच त्यांनी फोडले होते. २००५ मध्ये पुण्यातील एका कॉल सेंटरातील काही आजी-माजी कर्मचाऱ्यांनी अमेरिकेतील बँकग्राहकांकडून गोड बोलून गुप्त क्रमांक काढून घेतले आणि साडेतीन लाख डॉलरच्या आसपास रक्कम वळविली. त्या वेळी वृत्तपत्रांनी संगणकाच्या असुरक्षिततेवर अग्रलेख लिहिले. वास्तविक तो प्रकार परंड्याच्या किल्लेदारीच्या जातीचा होता.

मराठी दफ्तरपद्धतीचा विचार या दृष्टीने फारसा झालेला नाही. मोडी वाचणारे विद्यार्थी मजकूर लावण्यात गुंततात आणि कागदाच्या कडांकडे, पाठीकडे पाहावयाचे राहून जाते. राजपत्राच्या माथ्यावर मुद्रा असे आणि शेवटी मोर्तब. ‘मर्यादेयं विराजते’ हे शिवकालीन मोर्तब सर्वांना ठाऊक आहे, परंतु ते केवळ शोभेचे वचन नव्हते. मजकुराची मर्यादा येथे संपली, यापुढे कोणी अक्षर वाढविले तर ते आमचे नव्हे, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. ‘लेखनसीमा’चाही तोच. लांब पत्रासाठी कागदाचे बंद एकमेकांस चिकटवीत, आणि प्रत्येक सांध्यावर पाठीमागून शिक्का उठवीत, म्हणजे मधला बंद काढून दुसरा घालता येऊ नये. शिवाय बार, सुरुसूद, रुजू असे वेगवेगळ्या कारकुनांचे शेरे पडत. एकाच कागदावर चारपाच हात फिरल्याखेरीज तो पुरा होत नसे. गावानाच्या प्रकरणात कमी पडले ते नेमके हेच. तेथे एक शिक्का आणि त्याचा एक राखणदार होता. तो फुटताच सारे फुटले. आज ज्याला दुहेरी पडताळणी म्हणतात, म्हणजे परवलीच्या शब्दाबरोबर मोबाइलवर येणारा क्रमांकही मागणे, तिची कल्पना सुरुसूद-बारांच्या पद्धतीहून तत्त्वतः निराळी नाही.

लिहिता न येणाऱ्यांचीही सोय होती. महजरांवर पाटलाची निशाणी नांगर असे, आणि बलुतेदार आपापल्या धंद्याच्या हत्याराचे चित्र काढीत. नांगराचे चित्र कोणीही काढू शकेल, मग त्यात सुरक्षितता कोणती? ती चित्रात नव्हती. ती गोतात होती. महजर गोतसभेपुढे होई आणि निशाणी करणाऱ्याला गाव ओळखीत असे. खूण चोरता येत असे, पण गावाची आठवण चोरता येत नसे. अर्थात या व्यवस्थेला आदर्श मानण्याचे कारण नाही. गोतात ज्यांना जागाच नव्हती त्यांची ओळख सांगावयास कोण उठणार होते? आणि दूरच्या मुलखात ही आठवण निकामी ठरे. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे नाव घेऊन उभा राहिलेला तोतया हे त्याचे ठळक उदाहरण. पुण्यात चौकशी होऊन तो कैदेत पडला, तरी सुटताच कोकणातले किल्ले आणि हजारोंची फौज त्याच्यामागे उभी राहिली. अखेर १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. नरसिंह चिंतामण केळकरांनी १९१३ मध्ये त्यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले. ते वाचताना आम्हांस राहून राहून वाटते की येथे चोरलेली वस्तू म्हणजे एक अख्खा माणूस आहे. आणि ज्याने येऊन ‘हा मी नव्हे’ म्हणावे, तोच हयात नाही.

यानंतर कागदाशी मराठी माणसाचे नाते बदलले. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले. वतनदारांकडचे हिशेबी कागद सरकारने ताब्यात घेतले, आणि घरातले दफ्तर हेच घराविरुद्धचा पुरावा ठरू शकते हे लोकांनी पाहिले. या आठवणीची किंमत पुढे इतिहासाचार्य राजवाड्यांना मोजावी लागली. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. त्यानंतरही कागद मिळविण्यासाठी ते गावोगाव पायपीट करीत होते आणि कित्येक घराण्यांची दारे त्यांच्यापुढे बंद होत होती. दफ्तर दाखविले तर वतन जाईल, भाऊबंद दावा लावतील, घरातली उणीदुणी बाहेर पडतील, ही भीती होती. आपण सर्वांनी राजवाड्यांच्या बाजूने हा संघर्ष वाचला आहे. माळ्यावर रुमाल कुजू देणाऱ्या वतनदारांना आपण अडाणी म्हटले आहे. वाळवी आणि वाण्याची पुडी यांनी आपल्या इतिहासाचे केलेले नुकसान अपार आहे, यात शंका नाही. तरीही त्या वतनदाराचे भय निराधार नव्हते. त्याने एकदा कागद दिला होता आणि त्याचे काय झाले ते पाहिले होते. एखादी माहिती आपल्या हातून सुटली की ती कोणाच्या उपयोगी पडेल हे आपल्या हाती राहत नाही, हे तो जाणून होता. इतिहाससंशोधकाच्या नीतिशास्त्रात या भयाला काही स्थान असावे, असे आमचे मत आहे. आमच्या विद्यापीठांतून त्याची चर्चा मात्र झालेली आम्ही पाहिली नाही.

याच सुमारास अंगठा आला. १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या करारावर शाईत बुडविलेल्या पंजाचा ठसा घेतला. ओळख पटविणे हा त्याचा पहिला हेतू नव्हता. पुढे सही नाकारू नये म्हणून त्या माणसाला धाक बसावा, एवढेच त्याला हवे होते. अंगठ्याच्या जन्मातच हा धाक आहे. दख्खनमध्ये १८७५ च्या मे महिन्यात सुप्यापासून सुरू झालेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची घरे फोडली. त्यांना हवे होते ते कर्जरोखे, आणि ते त्यांनी जाळले. माहिती ज्याच्या विरुद्ध वापरली जाते त्याने ती नष्ट करण्याचा हा आमच्या इतिहासातला सर्वांत उघड प्रयत्न होय. १८७९ च्या कायद्याने ग्रामनिबंधक नेमले आणि शेतकऱ्याचे दस्त त्यांच्यासमोर लिहिणे आवश्यक केले. म्हणजे कोऱ्या कागदावर खूण करून घेण्याची सोय बंद करण्याचा प्रयत्न झाला. चारशे वर्षांनी का होईना, गावानाच्या खटल्यातला प्रश्न कायद्याच्या भाषेत मांडला गेला.

परंडा तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने हा कायदा तेथे लागू नव्हता. तेथील कागदांची कहाणी भाषांची आहे. गावचे कागद मोडीत, दरबारचे आधी फारसीत आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दूत. १९४८ नंतर राज्य बदलले. १९५४-५५ मध्ये खासरा पाहणी झाली, आणि १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. बहुतेक कुळांना आपल्याविषयी काय लिहिले आहे ते वाचताच येत नव्हते. न वाचता येणाऱ्या कागदाने फसवणूक होते हे खरे, परंतु त्याच अवघड लिपीने त्या नोंदींवर एक पडदाही टाकलेला होता. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातील जुने रुमाल सुटले. मोडी जाणणारी माणसे शोधावी लागली, आणि नोंदींच्या प्रतिमा संकेतस्थळांवर चढल्या. ज्यांना त्या हव्या होत्या त्यांच्या दृष्टीने हे न्याय्यच झाले. पण कोणाच्या पणजोबांच्या नावापुढे काय लिहिले आहे हे आता कोणीही, कोठूनही पाहू शकतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

२०१८ मधले एक प्रकरण आम्हांला फार बोलके वाटते. एकेकाळी परंड्यासह ज्या निजामी राज्यात मोडत असे त्या तेलंगणात ते घडले. २००१ च्या दुरुस्तीने स्थावराच्या दस्तावर पक्षकारांचे छायाचित्र आणि बोटांचे ठसे आवश्यक केले, कारण तोतया विक्रेते उभे राहू नयेत. पुढे हे दस्त संकेतस्थळावर आले. पेद्दपल्ली जिल्ह्यातील एका सिमकार्ड विक्रेत्याने ते उतरवून घेतले, ठशांवरून रबरी बोटे बनविली आणि त्यांवर हजारो सिमकार्डे चालू केली. तोतया टाळण्यासाठी घेतलेल्या ठशातूनच तोतये निर्माण झाले. पुढे इतरत्र अशाच ठशांनी आधार-आधारित बँकव्यवहारांतून पैसे काढले गेले. त्या व्यवहाराला आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोट एवढेच लागते, मोबाइलवर क्रमांक येत नाही.

जुने उपाय येथे अडतात. शिक्का हरवला तर मोडून नवा कोरता येतो, परवलीचा शब्द बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. म्हणून माहिती फुटल्यावर करावयाची गोष्ट म्हणजे त्या खुणेचे वजन कमी करणे. आधारची बोटे व डोळे प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून कुलूपबंद करता येतात. मूळ क्रमांकाऐवजी आभासी क्रमांक देता येतो, आणि पहिले आठ अंक झाकलेली प्रत बहुतेक कामांना पुरते. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत ते ‘संचार साथी’वर दिसते, आणि आपल्या नावावर कोणी कर्ज उचलले आहे काय ते पतमाहिती अहवालात. हा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. तो न मागविणारे प्राध्यापक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. पैसे गेलेच तर १९३० हा क्रमांक तत्काळ फिरवावा आणि बँकेला लेखी कळवून पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये घातलेल्या चौकटीत, चूक ग्राहकाची वा बँकेची नसून तिसऱ्याची असेल आणि तीन कामकाजी दिवसांत कळविले असेल, तर ग्राहकावर भार नाही. सातव्या दिवसापर्यंत तो मर्यादित आहे. गावानाला जी संधी मिळाली नाही ती हीच: शिक्का माझा, पत्र माझे नव्हे, हे विधान वेळेत आणि नोंदणीकृत स्वरूपात करण्याची.

कायद्याने काय दिले, हे थोडक्यात सांगतो. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ मध्ये वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. माहिती फुटल्यास ती बाळगणाऱ्या संस्थेने ज्याची माहिती आहे त्यालाही कळविले पाहिजे, ही त्यातली मोलाची तरतूद. मात्र मुख्य कलमे लागू होण्यास नियमांपासून अठरा महिन्यांची मुदत ठेवलेली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ८१ कोटींहून अधिक भारतीयांची माहिती विक्रीस असल्याचा दावा एका परदेशी सुरक्षा कंपनीने केला, तेव्हा त्या ८१ कोटींपैकी कोणाच्या घरी पत्र आल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आता या उपायांकडे परंड्याहून पाहावे. पहिला आधार क्रमांक २०१० मध्ये दिला गेला तो नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी पाड्यात. ही योजना मुळात कागद नसलेल्यांसाठीच सांगितली गेली होती. परंडा, भूम, वाशी या भागांतून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे सहा-सहा महिने गावाबाहेर असतात. मजुरीचे पैसे कारखान्याजवळच्या एखाद्या केंद्रावर अंगठा लावूनच काढावे लागतात. कोयत्याने आणि उसाच्या पाचटाने झिजलेली बोटे यंत्राला एरवीही चटकन पटत नाहीत. अशा बाईने बोटांना कुलूप घालावे असे आपण सुचवितो, तेव्हा ते उघडण्यासाठी येणारा क्रमांक तिच्या मुलाच्या, मुकादमाच्या किंवा आधार केंद्र चालविणाऱ्याच्या मोबाइलवर येतो, कारण नोंदणीच्या वेळी त्यांपैकीच कोणाचा तरी क्रमांक लिहिला गेलेला असतो. तेव्हा तिच्यासाठी पहिले काम कुलपाचे नाही. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक स्वतःचा करून घेण्याचे आहे. त्यासाठी केंद्रावर समक्ष जायचे तर ठरलेले शुल्क लागते आणि एक दिवसाची मजुरी बुडते.